कन्यादानाचा उपास आणि माझी सुई

आमच्या घरी आधी पुरुष जेवत, मग लहान नणंद, मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माहेरी आईही अशीच जेवायची. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही मागच्या रांगेत बसायचे, त्यामुळे शेवटी बसण्याचं मला काही वाटत नसे. उलट बरंच वाटायचं. चुलीजवळ कोणी नसायचं. भाताच्या गंजाला लागलेली खरवड काढून घ्यायची, वरण उरलं असेल तर वरण, नाहीतर जवसाची चटणी, आणि भिंतीकडे तोंड करून निवांत जेवायचं. कोणी पाहत असलं की माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात मामंजी, आत्याबाई, हे आणि एक नणंद. नणंद तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, दोन वेण्या आणि सतत काहीतरी विचारणारं तोंड. लाखांदूरला जाणारी एसटी आमच्या गावाच्या फाट्यावर थांबायची, तिथून पायी घर. धानाची शेती, मागं बोडी, म्हणजे छोटं तळं, बोडीत पाणी असलं की वर्ष बरं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, धान कापणीच्या दिवसांत, मला तहान लागू लागली. तांब्या तोंडाला लावला की संपल्याशिवाय खाली येत नसे. बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, दर थोड्या वेळानं मला उठून जावं लागायचं आणि बाकीच्या कापणाऱ्या बाया हसायच्या. भूक लागायची, खायचे, तरी अंगावरचं चोळीचं कापड ढिलं होत गेलं. बायांना वाटलं दिवस गेले. आत्याबाईंनाही आधी तसंच वाटलं. मग एक दिवस त्यांनी मी लघवीला जायचे त्या मागच्या मोरीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग पाहिली. त्या तिथं बराच वेळ वाकून उभ्या होत्या. संध्याकाळी त्या मामंजींशी काही बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मला भंडाऱ्याला नेलं.

दवाखान्यात ठेवून घेतलं. साखरेचा आजार म्हातारपणी, खाऊनपिऊन सुखी माणसांना होतो असं आम्ही ऐकलं होतं. मी तेव्हा अठराची असेन. डॉक्टरांनी समजावलं की हा त्यातला वेगळा प्रकार आहे, पोटात जो रस तयार व्हायचा तो माझ्या पोटात तयार होणं थांबलं आहे, तो आता बाहेरून सुईनं घ्यायचा, रोज दोनदा, जन्मभर. आणि सुई घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आत्याबाईंनी पदर सावरत विचारलं, की घरचे जेवायचे असले, ही थांबली, तर काय होईल. डॉक्टर म्हणाले, घरचे जेवून उठतील तोवर ही बेशुद्ध पडलेली असेल.

परत येताना ह्यांच्या पिशवीत काचेची सिरिंज होती, दोन सुया, स्पिरिटचा दिवा, एक काचेची नळी आणि निळ्या पाण्याची बाटली. औषधाची छोटी बाटली आत्याबाईंनी स्वतःच्या हातात धरून आणली, गाडीत मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळून. घरी आल्यावर त्यांनी माठाखालच्या ओल्या रेतीत एक छोटं मडकं पुरलं, त्यात पितळी डबीत ती बाटली ठेवली, वर झाकण आणि झाकणावर दगड. उन्हाळ्यात त्या येताजाता त्या रेतीवर पाणी शिंपडायच्या. माठातलं पाणी संपलं तर चालेल, रेती वाळता कामा नये, असा त्यांचा हिशेब.

सुई सुरुवातीला हे टोचायचे. मला दुखताना पाहवत नाही म्हणून तोंड फिरवून टोचायचे. नणंद जवळच उकळलेल्या पाण्याचं भांडं धरून उभी असायची. ती म्हणाली, "दादा, तिकडं पाहून इकडं कोनी टोचते का? बैल हाकलून राहिला का तू?" त्यावर मला असं हसू आलं की सुई अर्ध्यात राहिली. त्यानंतर मीच शिकले. मांडीला टोचायचं तर कोणासमोर लुगडं वर करायची लाज, स्वतःचं स्वतः बरं.

नळीचं काम नणंदेनं मागून घेतलं. निळ्या पाण्यात लघवीचे थेंब टाकून ते तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं त्याहून जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर फार. स्पिरिट संपलं तर ती चिमणीवर नळी धरायची, मग नळी काजळीनं काळी व्हायची आणि रंग दिसायचा नाही, मग ती फ्रॉकला पुसायची. निळं निघालं की अंगणभर सांगत फिरायची. विटकरी निघालं की कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहायची आणि काय चोरून खाल्लं ते विचारायची. मी खरंच काही खाल्लेलं नसायचं. मग ती नळीकडे पाहून म्हणायची, हीच खोटी बोलते.

गोड बंद झालं होतं, पण हातपाय कापू लागले, घाम सुटला तर लगेच गूळ तोंडात टाकायचा असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला ते पटेना. गूळ जहर आहे की औषध, एकदा काय ते ठरवा, असं ती आत्याबाईंना म्हणाली. आत्याबाई म्हणाल्या, "येळ पाहून."

अवघड होतं ते जेवणाचं. सकाळी सुई झाली की मला जेवायला हवं, आणि पुरुष शेतातून यायला वेळ असायचा. आत्याबाई रोज सांगायच्या, घे वाढून. मी हो म्हणायचे आणि काहीतरी काम काढायचे. मामंजी उपाशी बांधीत उभे आहेत आणि मी सून त्यांच्या आधी ताट घेऊन बसले आहे, हे मला जमतच नव्हतं. अशीच एक दिवस मोरीवर भांडी घासताना पडले. डोळे उघडले तेव्हा तोंडात गूळ होता आणि डोकं आत्याबाईंच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीत, धान भरायच्या बांबूच्या मोठ्या ढोल्यामागं पाट टाकला. ढोल्याला शेणामातीचं लिंपण, उंच माणसाएवढा, त्याच्यामागं बसलं की दारातून काही दिसत नसे. ताट त्यांनीच नेऊन ठेवलं.

तिथं मी दहा-बारा वर्षं जेवले. नणंद दारात सागरगोटे खेळत राखण बसायची आणि कोणी आलं की मांजर आली म्हणून ओरडायची. एकदा चुलत सासू आल्या, त्यांनी आमच्या घरात मांजर कुठे आहे म्हणून सगळे कोपरे पाहिले, दुधावर झाकण ठेवायला सांगितलं आणि मांजर कशी हाकलावी ते शिकवून गेल्या. मी ढोल्यामागं घास तोंडात तसाच धरून बसले होते.

मामंजींना हे सगळं माहीत होतं, पण माहीत आहे असं त्यांनी कधी दाखवलं नाही. ते शेतातून आले की फाटकातूनच मोठ्यानं खाकरायचे आणि मग पाय धुवायला इतका वेळ लावायचे की माझं जेवण होऊन, ताट विसळून होई. चिखल नसला तरी ते पाय घासत बसलेले मी पाहिले आहेत.

आमच्या हातून मोठी चूक झाली ती तिजेला. हरतालिकेचा उपास आमच्याकडे कडक, पाणीसुद्धा नाही. मी विचार केला आणि आत्याबाईंनाही तो पटला. सुई कशासाठी, तर खाल्लेलं पचवायला. खाणारच नाही तर सुई कशाला? शिवाय उपासाला औषध चालतं की नाही याचीही शंका होती. म्हणून तिजेला मी सुईचाही उपास केला. दुसऱ्या दिवशी पारणं करायला बसले तर घास आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, श्वास धापेसारखा येऊ लागला. भंडाऱ्याला नेलं तेव्हाचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा हे खाटेच्या पायथ्याशी बसले होते आणि डॉक्टर आत्याबाईंना सांगत होते की सुईला उपास नाही आणि हिलाही नाही. सुई रोज, जेवण रोज. यात देवाचं काही चालत नाही.

तेव्हापासून माझे उपास बंद झाले. चतुर्थी नाही, शिवरात्र नाही. गावातल्या बाया पूजेला बसायच्या तेव्हा मी मागं बसायचे. मला तसंही मागं बसायची सवय होती, पण हे मागं बसणं थोडं वेगळं लागायचं.

मूल एकदा राहिलं होतं, टिकलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा नको म्हणून सांगितलं. ह्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढे तो विषय घरात निघाला नाही. बाहेर निघत असे. दुसरी बायको करायचं ह्यांना सुचवणारे लोक सपरीत, म्हणजे ओसरीवर, चहा पिऊन जायचे. त्यांना चहा मीच करायचे.

मामंजी गेले. नणंद मोठी झाली, लाखांदूरच्या शाळेत जाऊ लागली. धान रोवण्याच्या दिवसांत शाळेला सुट्टी टाकून माझ्या शेजारी बांधीत उभी राहायची, आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवता रोवता मधेच कमरेची गूळपुडी काढून माझ्या तोंडात खडा कोंबायची. मला अजून काही कळलेलंही नसायचं. कसं ओळखते म्हणून विचारलं तर म्हणायची, तुझे पऱ्हे वाकडे पडायला लागतात. मग आम्ही धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, बसायचो, ती शिदोरी सोडायची आणि दुसऱ्या बाया जेवायला यायच्या आधी माझ्यासोबत जेवायची, म्हणजे मी एकटी आधी जेवते असं कोणाला दिसू नये. तिला भूक असो की नसो. ती माझी नणंद होती, पण मी तिच्या वेण्या घातल्या, न्हाऊ घातलं, पहिल्यांदा लुगडं नेसवलं, आणि तिनं मला इतकी वर्षं जगवलं. कोण कोणाचं लेकरू हे सांगता येणार नाही.

तिचं लग्न जमलं. मुलगा जवाहरनगरच्या कारखान्यात लागलेला, राहायला क्वार्टर. सगळ्यांना आनंद झाला. आणि मग सपरीत पत्रिका ठरवायला बसले तेव्हा कन्यादानाचा प्रश्न निघाला.

मामंजी नव्हते, त्यामुळे आत्याबाईंना बसता येत नव्हतं. कुंकू नसलेली बाई कन्यादानाला चालत नाही. अशा वेळी मोठा भाऊ आणि वहिनी बसतात. म्हणजे हे आणि मी. पण कन्यादान करणाऱ्या जोडप्याला लग्न लागेपर्यंत उपास असतो, आणि मुहूर्त गोरजाचा, संध्याकाळचा. चुलत सासू म्हणाल्या की सुनेला उपास झेपत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, मग कशाला तिच्या जिवाशी खेळायचं, माझा लेक आणि सून बसतील. तिची ओटीही भरलेली आहे, असं त्या वर म्हणाल्या.

मी दाराआड चहाची कपबशी घेऊन उभी होते. मला आजवर कशाचा फार हट्ट झाला नव्हता. लुगडं कोणतं, दागिना कोणता, जे दिलं ते घेतलं. पण तेव्हा मला कळलं की हे मला हवं आहे. पोटची मुलगी मला नव्हती, होणार नव्हती. कन्यादान करायचं तर हे एकच. आणि ते चुलत जाऊ करणार, जी नणंद महिनाभर तापानं पडली होती तेव्हा एकदाही डोकावली नव्हती.

सपरीत काही ठरलं नाही. चुलत सासू गेल्यावर नणंद आत आली आणि आत्याबाईंसमोर उभी राहिली.

"वैनी बसन नाही, त मी पाटावर उभीच नाही राहत. मंग कोनाचंही दान करा."

आत्याबाई तिला म्हणाल्या, "नवरीनं इतकं बोलत नसते." पण आवाजात राग नव्हता. मग त्या माझ्याकडे पाहू लागल्या. मला बोलणं भाग होतं. मी चुलीकडे पाहत म्हटलं, "मले बसाचं आहे, आत्याबाई." एवढंच. आयुष्यात त्यांच्याजवळ मी काही मागितलेलं आठवत नाही, हे पहिलं. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं आणि उठून गेल्या.

त्यांनी होकार दिला नाही म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं. उपास करायचा. सुई थोडी कमी घ्यायची, एखादा गुळाचा खडा पदरात ठेवायचा, संध्याकाळपर्यंत काढायचं. ह्यांना सांगितलं तर हे सरळ भंडाऱ्याला जाऊन डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टरांनी तिजेची आठवण करून दिली म्हणे. हे म्हणाले, उपासच करायचा असेल तर आपण दोघंही बसत नाही, चुलतभाऊ बसेल, मला तू पाहिजे. हे असं कधी बोलत नाहीत. दोन गोष्टी होत्या, बसणं आणि जेवणं, आणि दोन्ही मिळून एका दिवसात मावत नव्हत्या. मग मी मनात ठरवलं की जेवायचं, पण कोणाला दिसू द्यायचं नाही. ढोल्यामागं बसायची सवय होतीच. लोकांना उपास दिसेल, देवाला काय ते तो पाहील.

लग्नाच्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. नणंद हळदीच्या अंगानं आत बसलेली, तरी तिनं मला खुणेनं सुईची आठवण केली. मी सुई घेतली. ताट वाढून पदराखाली धरलं आणि आतल्या खोलीत गेले तर ढोल्यामागं पाहुण्यांच्या ट्रंका, गाद्या आणि वर दोन पोरं झोपलेली. मागच्या गुरांच्या कोठ्यात गेले, तिथं आचाऱ्यानं लाकडं आणि गंज मांडले होते. न्हाणीत बाया. माझ्या घरात मला बसायला जागा राहिली नव्हती. ताट तसंच परत चुलीजवळ आणलं आणि झाकून ठेवलं. चुलीभोवती सात-आठ बाया भाज्या चिरत बसल्या होत्या, त्यांत चुलत सासू. त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि त्या कशासाठी पाहत आहेत हे मला माहीत होतं. मी जेवले की त्या सपरीत जाऊन सांगणार होत्या, आणि पाटावर त्यांची सून बसणार होती.

मी उभी राहिले. वांग्यांच्या टोपल्या इकडच्या तिकडे केल्या. वरच्या ओठावर घाम आला. बायांचे आवाज लांबून येऊ लागले. गूळ पदरात होता, पण पदराला हात लावला असता तरी त्यांना दिसलं असतं. वेडेपणा होता, आता कळतं. तेव्हा मला खरंच वाटत होतं की थोडा वेळ अजून काढता येईल.

आत्याबाई बाहेरून आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोणाला काही न विचारता भिंतीला टेकवलेला पाट उचलला आणि सगळ्या बायांच्या मधोमध टाकला. झाकलेलं ताट काढून समोर ठेवलं.

"बस."

मी म्हटलं, "आत्याबाई, साऱ्या बसल्या आहेत."

"म्हूनच इथं बस. लपून जेवाची आजपासून गरज नाही."

चुलत सासूंचा विळीवरचा हात थांबला. त्या म्हणाल्या की म्हणजे ठरलं तर, ही बसत नाही. आत्याबाई खाली बसल्या, माझ्या अगदी समोर, भात कालवून माझ्या हातात दिला आणि मग त्यांच्याकडे वळल्या.

"बसन हीच. पोरीचा उपास घरातल्या बाईच्या पोटाले लागते ना? मी कालच्या रातपासून पानी नाही घेतलं. उपास माहा आहे, बसनं तिचं."

"कुंकवाबिगर तुहा उपास कसा चालन, बाई?" चुलत सासूंनी विचारलं.

"पोरगी मी जनली. उपासाले माहं पोट नाही चालत, त कोनाचं चालन?"

विळी पुन्हा चालू झाली. मी जेवत होते. सात-आठ बाया पाहत होत्या आणि घास खाली उतरत होते, एकामागं एक, मला आश्चर्यच वाटत होतं. आत्याबाई दुसऱ्यांदा भात वाढत म्हणाल्या, हळू, कोणी हिसकून नेत नाही. एक पाहुणी बाई हसली. मग माझ्या ताटात कोणी कांद्याची फोड टाकली, कोणी शिजलेल्या वांग्याची चव पाहायला दिली. मीठ बरोबर आहे का म्हणून विचारलं. मी बरोबर आहे म्हणाले.

चुलत सासूंनी शेवटी भटजींना गाठलं. भटजी मांडवात आंब्याच्या डहाळ्या मोजत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं की यजमान उपाशी आहेत ना. हे हो म्हणाले. म्हाताऱ्या आईपण उपाशी आहेत? त्याही आहेत. भटजी म्हणाले की मग एका उपासाच्या जागी दोन झाले, कमी काय पडलं, आणि वर त्यांनी विड्याची पानं कमी पडल्याचं सांगून टाकलं. चुलत सासू चिडल्या, पण पानं आणायला त्यांचाच लेक गेला.

वऱ्हाड यायला उशीर झाला. कारखान्यातले नवरदेवाचे मित्र एका बसमध्ये येणार होते आणि ती बस लाखनीजवळ कुठंतरी अडली होती. गोरज मुहूर्त टळून गेला. मला दुपारी भाकरीचा तुकडा आत्याबाईंनी पुन्हा चुलीजवळच दिला, त्याच पाटावर. त्यांच्या ओठांवर कोरडी सालं आली होती. पाणी तरी घ्या म्हटलं तर त्यांनी मानेनं नाही म्हटलं.

कन्यादानाला मी ह्यांच्या उजव्या अंगाला बसले. नणंदेचा हात ह्यांच्या ओंजळीखाली होता, हळदीनं पिवळा, मेंदीनं लाल. ह्यांच्या हातावरून तिच्या हातावर, तिच्या हातावरून नवरदेवाच्या हातावर पाणी सोडायचं, तांब्या माझ्याकडे. मांडवातले सगळे लोक आमच्याकडे पाहत होते. मी मान वर केली नाही, पण तांब्याची धार सरळ पडली. नणंद मान खाली घालून पुटपुटली, "वैनी, घाम नाही तुले?" मी नाही म्हटलं. ती रडत होती आणि तरी तिनं आधी तेच विचारलं. आत्याबाई मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळ, विधवा बाया उभ्या राहतात तिथं उभ्या होत्या. पाणी सुटलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात खांबाला धरले.

लग्न लागलं, पंगती बसल्या. मी संध्याकाळची सुई घेतली आणि ताट वाढून आत्याबाईंना शोधत गेले. त्या आतल्या खोलीत ट्रंकांवर बसल्या होत्या, पाय वर घेऊन. आधी पाणी दिलं. त्यांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावायच्या आधी विचारलं, "सुई झाली का तुही?"

"झाली."

"मंग दुसरं ताट कायले आनतं? बस."

आम्ही एका ताटात जेवलो. त्या पहिले घास फार हळू जेवल्या, मग भराभर. बाहेर पोरं बुंदीसाठी भांडत होती. ताटात मी वाढताना बुंदी वाढली होती, सवयीनं, दोन माणसांपुरती. मी ती बोटानं बाजूला सारली. आत्याबाईंनी सगळी स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.

"उपास तुहा केला मी," त्या म्हणाल्या, तोंड भरलेलं होतं, "त बुंदीही तुही मीच खाईन."

आणि खाल्ली. दोन्ही वाटे, शेवटच्या दाण्यापर्यंत, माझ्याकडे पाहत. मी वरण-भात जेवत होते. आमच्या खोलीचं दार उघडंच होतं, पाहुणे येत जात होते. मी कोणाच्याही येण्यानं थांबले नाही.